प्रश्न खरेदीदारालाही विचारा

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटात द्राक्ष निर्यातीची एक जाडजूड फाइल आहे. बागेची नोंदणी, माती-पाण्याचे अहवाल, कोणत्या तारखेला कोणतं औषध किती पाण्यातून मारलं, फवारणाऱ्याने हातमोजे घातले होते का, औषधांची खोली कुलूपबंद आहे का, मजुरांसाठी संडास किती अंतरावर आहे, छाटणीपासून काढणीपर्यंत किती दिवस गेले. एकदा मी त्यातले प्रश्न मोजायला बसलो आणि शंभराच्या पुढे मोजणं सोडून दिलं. हे प्रश्न फालतू आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही. २०१० साली लिहोसिन या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा या नोंदींची किंमत आम्हा बागायतदारांना चांगलीच कळली. खाणाऱ्याच्या पोटात काय जातं हे विचारण्याचा त्याला हक्क आहे.

पण त्या अख्ख्या फाइलमध्ये माल घेणाऱ्याला विचारलेला एकही प्रश्न नाही. भाव काय ठरला होता, प्रत्यक्षात किती दिला, किती दिवसांनी दिला, माल तिकडे पोचल्यावर ‘मणी गळाले’ म्हणून किती कापले, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. तपासणी फक्त बांधाच्या आतली. बांधाबाहेर व्यवहार कसा झाला याची फाइलच नाही.

हा प्रश्न विचारणारं एक प्रमाणपत्र मात्र जगात आहे, आणि त्याची सुरुवात कॉफीपासून झाली. त्याला फेअरट्रेड म्हणतात. आपण न्याय्य व्यापार म्हणू. सांगलीच्या माणसाने त्यावर का लिहावं, असं कुणाला वाटेल. इथे कॉफी पिकत नाही. महाराष्ट्रात ती पिकते चिखलदऱ्याला, आपल्यापासून कितीतरी लांब. आपल्याकडे कॉफी म्हणजे रात्री उशिरा पाहुणे आले की जायफळ किसून केलेली, किंवा गाण्याच्या मैफिलीत मध्यंतराला मिळणारी. तरीही मला वाटतं की हळद आणि बेदाणा पिकवणाऱ्या माणसाने कॉफीची ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. भाव पडण्याचं दुःख आपल्याला माहीत आहे. भाव पडतो तेव्हा जबाबदारी कुणाची, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. तिकडच्या लोकांनी ती बसवली.

१९८८ साली नेदरलँड्समध्ये कॉफीच्या पुड्यांवर ‘मॅक्स हॅवेलार’ हा शिक्का पहिल्यांदा आला. मेक्सिकोतल्या वाहाका राज्याच्या डोंगरात आदिवासी कॉफी उत्पादकांबरोबर राहणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर हॉफ आणि नेदरलँड्समधल्या एका मदतसंस्थेतले निको रोझेन या दोघांनी तो उभा केला. डोंगरातल्या उत्पादकांचा ‘उसिरी’ नावाचा संघ होता. देणग्यांवर गावातली शाळा रंगवून होते, विहीर खोदून होते, पण पोत्याचा भाव तसाच राहतो. त्यांची मागणी मालाच्या भावाची होती. पुढे वेगवेगळ्या देशांतले असे शिक्के १९९७ मध्ये एका छत्राखाली आले आणि त्यातून आजचं फेअरट्रेड तयार झालं.

याची वेळ बघण्यासारखी आहे. १९६२ पासून कॉफी पिकवणारे आणि पिणारे देश यांच्यात एक आंतरराष्ट्रीय करार होता. कोणत्या देशाने किती कॉफी बाहेर पाठवायची याचा कोटा ठरलेला असायचा, त्यामुळे भाव एका पट्ट्यात राहायचा. जुलै १९८९ मध्ये ही कोट्याची व्यवस्था मोडली आणि काही महिन्यांत भाव जवळपास निम्म्यावर आला. त्यानंतर व्हिएतनामची लागवड झपाट्याने वाढली. २००१ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कॉफी पौंडाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, ५० सेंटच्याही खाली गेली होती. त्या काळात केरळातल्या वायनाडमध्ये कॉफी आणि मिरी एकदम कोसळली आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या. विदर्भाच्या बातम्या वाचत होतो तेव्हाच तिकडेही हेच चाललं होतं, फक्त पीक वेगळं.

अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. त्याच २००१ मध्ये फेअरट्रेडच्या करारात विकल्या जाणाऱ्या धुतलेल्या, म्हणजे गर काढून धुऊन वाळवलेल्या अरेबिकाला पौंडामागे १.२६ डॉलर मिळत होते. बाजारात ५० सेंटसुद्धा नाहीत आणि करारात सव्वा डॉलर. एवढा फरक असला की माणूस झाडं उपटत नाही.

आता या शिक्क्यामागचा नियम जरा खोलात सांगतो, कारण पुड्यावरच्या चित्रावरून तो कळत नाही. धुतलेल्या अरेबिकाचा किमान भाव २०११ पासून पौंडाला १.४० डॉलर होता, ऑगस्ट २०२३ मध्ये तो १.८० झाला. आख्खी फळं वाळवलेल्या रोबस्टाला १.२०. बाजार याच्या खाली गेला तरी खरेदीदाराने एवढे द्यायचेच. बाजार वर असेल तर बाजारभाव द्यायचा. शिवाय प्रत्येक पौंडामागे २० सेंट वेगळे. ते थेट संघाच्या खात्यात जातात आणि त्यांचं काय करायचं हे सभासद सभेत ठरवतात. सेंद्रिय कॉफी असेल तर आणखी ४० सेंट. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट: संघाने मागितलं तर कराराच्या रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत पैसे माल पाठवण्याआधी मिळवून देणं खरेदीदारावर बंधनकारक असतं.

आपल्या मापात सांगायचं तर १.८० डॉलर पौंड म्हणजे किलोला जवळपास चार डॉलर, रुपयात सव्वातीनशे ते साडेतीनशे. हा भाव बंदरावर जहाजात चढवलेल्या हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या बीचा आहे. संघाने गोळा करणं, सोलणं, वाहतूक हा खर्च त्यातूनच जातो. त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात सव्वातीनशे पडतात असं कुणी समजू नये. पण खाली जमीन आहे आणि ती कुठे आहे हे त्याला लागवड करतानाच माहीत असतं.

गेल्या काही वर्षांत मी एकदाच कॉफीच्या मळ्यात गेलो. माझी मिरजेची मावसबहीण लग्न होऊन चिक्कमगळूरकडे गेली. तिच्या दिरांची मुडिगेरेजवळ साडेतीन एकर कॉफी आहे. मिरजेहून राणी चन्नम्मा पकडून पहाटे बिरूरला उतरलो आणि पुढे बसने गेलो. जानेवारी होता. सिल्व्हर ओकच्या उंच झाडांवर मिरीचे वेल चढलेले आणि खाली सावलीत कॉफी. घरासमोर सिमेंटचं मोठं खळं होतं, तिथे त्याला ‘कण’ म्हणतात. त्यावर रोबस्टाची आख्खी फळं वाळत टाकलेली. दीर दर अर्ध्या तासाने लाकडी दंताळ्याने ती वर-खाली करत होते. आमच्याकडे हळद शिजवून वाळत घातली की घरातले अण्णा असेच फिरतात, तोच वाकलेला खांदा. मूठभर फळं कानाशी धरून ते खुळखुळवून बघायचे. आतली बी सैल वाजली की वाळली.

दुपारी एजंट आला. पोतं पन्नास किलोचं. पण भाव पोत्यावर थेट ठरत नाही, ‘आउटटर्न’वर ठरतो, म्हणजे पन्नास किलो वाळलेल्या फळांतून साफ बी किती किलो निघेल यावर. साधारण निम्म्याच्या थोडी वर निघते. एजंटने पोत्यातून मूठभर नमुना घेतला, सोलला, खिशातल्या छोट्या काट्यावर तोलला आणि एक आकडा सांगितला. दिरांनी आकडा ऐकला आणि गप्प बसले. तो गेल्यावर मला मोडक्या मराठीत म्हणाले, “दादा, आमची बी त्याच्या काट्यावर हलकी होते.”

त्या वर्षी भाव चढा होता, त्यामुळे त्यांचं घर आनंदात होतं. पण ते कुठल्याच संघात नाहीत. गावात संघ निघाला होता, दोन वर्षांत बंद पडला. आपल्याकडे लहान कॉफी उत्पादक म्हणजे दहा हेक्टरच्या आतले, आणि देशातल्या कॉफीच्या खातेदारांत जवळजवळ सगळे तेच आहेत. फेअरट्रेडचा करार अशा एकट्या माणसाशी होत नाही. संघाशी होतो, सर्वसाधारण सभा घेणाऱ्या, हिशोब दाखवणाऱ्या संघाशी. त्यामुळे दिरांच्या साडेतीन एकराला या सगळ्याचा आज काही उपयोग नाही. हे मला सांगायलाच हवं, कारण न्याय्य व्यापाराचं कौतुक करणारे लेख ही गोष्ट गाळतात.

जिथे संघ उभे राहिले तिथलं चित्र निराळं आहे. आंध्रच्या अराकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी सहकारी संघ बांधला, सेंद्रिय कॉफी पिकवली, आणि २०१७ मध्ये अराकू कॉफीचं दुकान पॅरिसमध्ये उघडलं. केरळच्या मलबार भागात ‘फेअर ट्रेड अलायन्स केरळ’ या संघटनेत लहान शेतकरी काजू, कॉफी, मिरी, नारळ असा मिश्र माल एकत्र विकतात. दोन्हीकडे आधी माणसं जमली, सभा झाल्या, वही लिहिली गेली. शिक्का नंतर आला.

भारतात कॉफीला किमान आधार देण्याचा एक मोठा प्रयोग याआधीही झाला होता. १९४२ च्या कॉफी कायद्याने कॉफी बोर्ड आलं आणि सगळी कॉफी बोर्डाच्या ‘पूल’मध्येच, म्हणजे सामायिक साठ्यातच, घालायची पद्धत सुरू झाली. बोर्ड लिलाव करायचं आणि शेतकऱ्याला हप्त्या-हप्त्याने पैसे द्यायचं. शेवटचा हप्ता यायला कधी कधी वर्षं लागायची. १९९६ पर्यंत ही पद्धत पूर्ण उठली, तेव्हा बऱ्याच उत्पादकांना सुटल्यासारखं वाटलं, आणि पाचच वर्षांत ते २००१ च्या खड्ड्यात पडले. दिरांच्या वडिलांनी दोन्ही काळ पाहिले होते. पूलमध्ये पैसे उशिरा यायचे, खुल्या बाजारात कधी आलेच नाहीत, असं ते म्हणायचे म्हणे.

साखरपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. उसाला २००९ पासून एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच असा किमान दर आहे. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये. तोड झाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असं कायदा सांगतो. किती गावांत ते १४ दिवसांत मिळाले, हे सोसायटीच्या कट्ट्यावर विचारा. एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा राज्य सरकारने दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केली. त्यासाठी शेतकऱ्यांना कोर्टात जावं लागलं. भाव ठरलेला असून पैसा वेळेवर नसेल तर तो भाव कागदावरच राहतो. फेअरट्रेडच्या नियमात किमान भाव, वेळेवरची उचल आणि संघाच्या पैशावर सभासदांचा हक्क या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत, म्हणून मी त्याची बाजू घेतो. यातली एकही एकटी पुरत नाही.

पिणाऱ्याच्या बाजूने एक साधा हिशोब करून बघू. एका कपाला दहा ग्रॅम भाजलेली पूड धरली तर किलोत शंभर कप होतात. भाजताना वजन घटतं, म्हणून किलोभर भाजलेल्या कॉफीला सव्वा किलोच्या आसपास हिरवी बी लागते. किमान भावाने तिचे चारशे-सव्वाचारशे रुपये. म्हणजे कपामागे चार रुपयांच्या आसपास. पुण्या-मुंबईच्या कॅफेत तो कप दोनशेला मिळतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कला अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली, तेव्हासुद्धा त्या दोनशेतले दहाच्या आसपास रुपये बीचे होते. राहिलेल्या रकमेत भाडं आहे, दूध आहे, पगार आहेत, हे मला मान्य आहे. पण बीचा भाव किमान पातळीवर धरून ठेवला तर कॅफे बुडतील, हा दावा या हिशोबापुढे टिकत नाही.

आता आक्षेपांकडे येतो, कारण त्यातले काही खरे आहेत.

पहिला आक्षेप भाव चढला की जोरात येतो: बाजार किमान भावाच्या दुप्पट झाला असेल तर किमान भावाचा उपयोग काय? आमच्याकडे ताकारी, म्हैसाळ उपसा योजना आहेत. चांगल्या पावसाच्या वर्षी त्यांचे पंप बरेच दिवस बंद असतात. म्हणून ते काढून विकावेत असं जत-कवठेमहांकाळच्या माणसाला सांगून बघा. कॉफीचा भाव ब्राझीलच्या २०२१ च्या हिमकडाक्याने आणि नंतरच्या दुष्काळांनी चढला, आणि नवी लागवड फळाला आली की तो उतरणार. फक्त एक खरी अडचण इथे आहे. भाव चढला की एजंट दारात रोख घेऊन येतो आणि सभासद संघाला कबूल केलेला माल त्याला देऊन मोकळे होतात. मध्य अमेरिकेत अशा एजंटांना ‘कोयोटे’ म्हणतात. संघाचे करार तुटतात आणि पुढच्या मंदीत ज्या संघाने तारायचं, तोच खिळखिळा झालेला असतो. जो आधी तोड देईल त्याला ऊस घालणाऱ्या आपल्या लोकांना मी कुठल्या तोंडाने नावं ठेवू? पण हे नुकसान आपण आपल्या हाताने करतो, एवढं तरी कबूल करायला हवं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रमाणपत्राची फी संघाला भरावी लागते, आणि प्रमाणित कॉफीचा मोठा भाग फेअरट्रेडच्या अटींवर विकलाच जात नाही, कारण तेवढे खरेदीदार नाहीत. म्हणजे परीक्षा सगळ्या पोत्यांची, पण भाव काही पोत्यांनाच. हे अन्यायाचं आहे. शिवाय गेल्या काही वर्षांत फेअरट्रेडचे शेतकऱ्याला विचारायचे प्रश्नही वाढत चालले आहेत. ती फाइल हळूहळू आमच्या द्राक्षाच्या फाइलीसारखी होईल अशी मला भीती वाटते. बेडकाचं चित्र असलेल्या ‘रेनफॉरेस्ट अलायन्स’च्या शिक्क्यात जंगल आणि मजूर यांची काळजी आहे, पण किमान भावाची अट नाही. कंपन्यांना असे शिक्के जास्त का आवडतात हे उघड आहे.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. लंडनच्या सोआस विद्यापीठाच्या अभ्यासकांनी इथिओपिया आणि युगांडात केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये आला. फेअरट्रेडच्या पट्ट्यांत दुसऱ्याच्या शेतावर रोजाने राबणाऱ्या मजुरांची स्थिती इतर ठिकाणांपेक्षा चांगली तर नव्हतीच, काही बाबतींत वाईट होती. लहान शेतकऱ्याला न्याय मिळाला आणि त्याच्या बांधावरच्या मजुराला तो पोचला नाही. मुडिगेरेला कॉफी तोडायला आसामहून आलेली माणसं मी पाहिली. तासगाव पट्ट्यात द्राक्षाच्या छाटणीला उत्तर प्रदेश-बिहारची पोरं येतात, ऊस तोडायला बीडची कुटुंबं येतात आणि पालात राहतात. एफआरपीच्या आंदोलनात मीही रस्त्यावर बसलो आहे. तोडणीच्या दरासाठी कधी बसलो नाही. खरेदीदाराला प्रश्न विचारा म्हणताना, आपल्यालाही कुणीतरी हा प्रश्न विचारणार हे मी गृहीत धरतो, आणि तो विचारला जावा.

आता सांगलीच्या हळदीकडे. २०१० च्या आसपास हळद क्विंटलला पंधरा हजारांच्या वर गेली होती. अण्णांनी पुढच्या वर्षी लागण दुप्पट केली, सगळ्या गावानेच केली. २०१२ च्या सौद्यांत भाव चार हजारांच्या आसपास आला. नऊ महिने जमिनीत, मग काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, पोती. त्या दिवशी मी अण्णांबरोबर होतो. हळकुंड मोडून बघणाऱ्या हातांमागे हात येत होते, पिवळी धूळ सगळ्यांच्या भुवयांवर. आमच्या ढिगापाशी सौदा मिनिटभरात उरकला. अण्णांनी विचारलं, “ठेवली तर?” अडत्या वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “अण्णा, ठेवा की. पण दिवाळीची उचल फिरवून द्यावी लागंल.”

आमचा भाव त्या दिवशी पडला असं मी बरीच वर्षं समजत होतो. खरं म्हणजे तो दिवाळीतच पडला होता, खतासाठी आणि बहिणीच्या बाळंतपणासाठी उचल घेतली तेव्हा. उचल देणाऱ्याकडेच माल घालावा लागतो, आणि त्याच्या दिवशीच विकावा लागतो. म्हणून फेअरट्रेडच्या नियमातली ६० टक्के उचल मला किमान भावाहूनही मोठी वाटते. शेतमाल तारण योजना आपल्याकडे आहेच: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याजाने. हळदीला चालते, बेदाण्यालाही. पण ती काढणीनंतरची आहे. पैसा लागतो काढणीच्या आधी, आणि तिथे आजही अडतच उभी आहे.

पूर्वी हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची. जमिनीखालचं ते कोरडं कोठार म्हणजे थांबण्याची सोय होती. २००५ च्या महापुराने बरीच पेवं गेली. आज सांगलीच्या हळदीला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला राष्ट्रीय हळद बोर्ड सुरू झालं. दोन्हींचा मला आनंद आहे. पण मानांकन सांगतं की हळद कुठल्या मातीत पिकली. पिकवणाऱ्याला काय मिळालं ते सांगत नाही. बोर्डानेही लागवड, वाण, निर्यात यांच्या पुढे जाऊन घेणाऱ्यांच्या व्यवहाराची नोंद ठेवली नाही, तर कॉफी बोर्डाच्या इतिहासातून आपण काही घेतलं नाही असं म्हणावं लागेल.

बेदाण्याचं तर विचारूच नका. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, शेडवर पंधरा दिवस रात्रंदिवस राखण, एका वळवाने सगळं काळं पडण्याची धास्ती. आणि सौद्यात खोकं उघडून ओंजळीने माल उचलायचा, बघायचा आणि खाली टाकायचा. तिला उधळण म्हणतात. वर वजनात तूट धरायची. शेतकरी याविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत आले आहेत. मुडिगेरेच्या त्या एजंटच्या खिशातला काटा पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा ही तूटच आठवली. प्रदेश वेगळा, भाषा वेगळी. माप मात्र दोन्हीकडे घेणाऱ्याच्या हातात.

आम्ही काय करू शकतो, याचं माझं उत्तर छोटं आहे. परदेशी शिक्का आणायची घाई नको. फी परवडणार नाही आणि खरेदीदार मिळतीलच असं नाही. पण त्यातला नियम उचलायला फी लागत नाही. आमच्या भागात शेतकरी उत्पादक कंपन्या झाल्या आहेत. त्यातल्या काही नुसत्या अनुदानापुरत्या आहेत, काही मन लावून काम करतात. आमची पलूसकडची कंपनी मधली आहे: दोनशेच्या आसपास सभासद, एक भाड्याचं गोदाम, पॉलिशचं एक यंत्र. गेल्या वर्षापासून हळद थेट मसालेवाल्यांना द्यायला लागलो. दर वेळी त्यांची यादी येते: ओलावा किती, कुरकुमीन किती, शिसं आहे का, फवारणीची वही दाखवा. आम्ही सगळं देतो आणि ते द्यायलाच हवं.

या उन्हाळ्यात आम्ही आमची एक यादी केली. एका पानावर पाच रकाने. खाली न येणारा भाव किती लिहून देता? काढणीआधी किती टक्के देता, आणि कधी? माल उचलल्यापासून किती दिवसांत पैसे? वजन आणि प्रत कुणाच्या काट्यावर, आमच्या माणसासमोर की मागे? क्विंटलमागे सभासदांच्या सभेने ठरवायच्या कामासाठी किती बाजूला ठेवता? सभेत त्यावर दोन तास वाद झाला. एक तात्या म्हणाले की असं विचारलं तर गिऱ्हाईक पळून जाईल. एका बाईंनी सहावा रकाना सुचवला, हळद शिजवायला आणि निवडायला येणाऱ्या बायकांची हजेरी आणि रोज आपण काय देतो, तोही छापा म्हणाल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो छापला, त्यांच्याच शब्दांत.

चार खरेदीदारांना ते पान पाठवलं. दोघांचं उत्तर आलं. एकाने काढणीआधी वीस टक्के द्यायची तयारी दाखवली आहे. दुसऱ्याने काटा आमच्या गोदामातला चालेल असं लिहिलं आहे, आणि पैसे दहा दिवसांत. पहिल्या रकान्यात, खाली न येणाऱ्या भावापुढे, दोघांनीही रेघ ओढली आहे. त्या रकान्यासाठी दिवाळीच्या आधी पुन्हा त्यांच्याकडे जायचं ठरलंय, आणि या वेळी अण्णाही येतो म्हणालेत.